बोटीचे अंतरंग

ज्या गावातून समुद्र दिसत नाही त्या गावात एक बोट आतून नवी करण्याचे काम निघावे आणि त्या कामाचा पहिला सल्ला धर्मगुरूकडे मागितला जावा, ह्या दोन्ही गोष्टी जरा चमत्कारिकच. कर्जत-खालापूर हा आमचा टापू डोंगरांचा, भातशेतीचा आणि अलीकडे शहरी मंडळींच्या शेतघरांचा. उल्हास आणि पाताळगंगा या नद्या येथे आहेत. टाटांच्या भिवपुरी (१९२२) आणि खोपोली (१९१५) येथील वीजगृहांतून सुटणारे पाणी त्यांना भर उन्हाळ्यातही वाहते ठेवते. परंतु सव्वीस फुटी, दोन इंजिनांच्या बोटीला या नद्यांत काय काम? तरीही अशी एक बोट खालापूरनजीक एका अंगणात, आंब्याच्या झाडाखाली, ताडपत्री पांघरून दोन पावसाळे उभी होती. तिची ही कथा. तिच्यात आमच्या एका चुकीचीही कथा आहे, आणि ती आधीच कबूल केलेली बरी.

बोट होती आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची. कुटुंबप्रमुख मुंबईच्या गोदीत फोरमन होते. निवृत्तीनंतर ते खालापूरला घर बांधून राहिले, पण जीव अडकला होता दर्यात. मासेमारी त्यांचा धंदा नव्हे, छंद होता. २००७ साली त्यांनी एका हौशी मुंबईकराकडून १९९४ साली बांधलेली ही फायबरची बोट विकत घेतली. गळाने मासे गरवण्यासाठीच ती केलेली होती : पुढे दोन माणसांना आडवे होता येईल एवढी केबिन, मागे मोकळी जागा, बाजूला काठ्या अडकवायच्या खोबणी. पैसे पुरवले होते आखातात नोकरी करणाऱ्या थोरल्या मुलाने. देखभाल करायचा तो खोपोलीच्या कारखान्यात नोकरी करणारा धाकटा. महिन्यातून दोन रविवारी, सकाळचा मिस्सा आटोपून, बापलेक मांडव्याला जात आणि खंदेरीच्या आसपास गळ टाकून बसत. संध्याकाळी एखादा रावस किंवा तांब धर्मगुरूनिवासाच्या दारात येई. त्यामुळे त्या बोटीविषयी आम्हांलाही ममत्व होते, हे का नाकारावे?

२०२२ च्या डिसेंबरात वडील वारले. पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याने बोट ट्रेलरवर चढवून पेण-खोपोली रस्त्याने घरी आणली आणि ताडपत्रीने घट्ट बांधून ठेवली. मग ज्या गोष्टी घरोघरी होतात त्याच झाल्या. थोरला कायमचा परत आला. पैसे माझे, असे तो म्हणे. कष्ट माझे, असे धाकटा म्हणे. एकाच छपराखाली राहून दोघे एकमेकांशी आईच्या मार्फत बोलू लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, बोट विकून टाकू द्या. तिचे दोन वाटे होतील, घराचे नकोत."

आम्ही अंगणात जाऊन बोट पाहिली. ताडपत्री सोडताच आतून कोंदट, बुरशीचा वास आला. गाद्यांवर काळे डाग, छताच्या अस्तराला फुगे, जमिनीवरचा गालिचा चिकट. थोरल्याने विचारले, "काय करावे, फादर?" आमचा जन्म उत्तनचा, वडिलांची लाकडी होडी होती, म्हणून या विषयात आमच्या शब्दाला वजन. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने निकाल दिला : "ही फायबरची बोट आहे. फायबर कुजत नाही. गालिचा बदला, गाद्यांना नवे कापड घाला, आतून पांढरा रंग द्या. गिऱ्हाईक खूश होईल." दोघा भावांना बऱ्याच दिवसांनी एक मत सापडले आणि ते आमचे होते, याचा आम्हांला आनंद झाला.

तो आनंद आठवडाभर टिकला. कर्जतहून आलेल्या सुतारमिस्त्रीला माप दाखवण्यासाठी आम्ही केबिनमध्ये उतरलो आणि तिसऱ्या पावलाला आमचा उजवा पाय जमिनीतून आरपार, गुडघ्यापर्यंत आत गेला. आवाजही झाला नाही. ओल्या पावात बोट जावे तसा पाय गेला. मिस्त्रीने व धाकट्याने आम्हांला काखेत धरून वर काढले तेव्हा झग्याच्या काठाला काळा चिखल लागला होता आणि त्यात लाकडाचे तंतू होते.

आता जाणत्या माणसाशिवाय गत्यंतर नव्हते. आमचे चुलते उत्तनला राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. उभा जन्म लाकडी बोटी बांधण्यात आणि गेली कित्येक वर्षे त्यांवर फायबर चढवण्यात गेला. पिशवीत हातोडी, पटाशी आणि टोचा घेऊन ते भाईंदरहून दादर, दादरहून कर्जत असे लोकलने आले. चारचौघांत ते आम्हांला 'फादर' म्हणतात, एकान्तात 'पोरा'. बोटीत उतरून त्यांनी आधी काहीच उघडले नाही. हातोडीच्या दांड्याने जमीन, कडा, बाकांचे खालचे भाग वीतवीतभर अंतरावर ठोकत गेले. कोठे टणत्कार, कोठे भद्द. भद्द आवाज येई तेथे खडूची फुली. अर्ध्या तासात बोटीच्या पोटात फुल्यांचे शेत उगवले. मग पाय गेलेल्या भोकातून त्यांनी हात घातला, तळाशी साचलेल्या पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले.

"गोडं हाय," ते म्हणाले. "दर्यानं नाय मारली हिला. पावसानं मारली."

मग त्यांनी जे सांगितले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन. ती कुजत नाही हे खरे. पण जुन्या फायबरच्या बोटींत ते केवळ कवच असते. कवचाला ताठपणा देणाऱ्या आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या, जमीन, आडभिंती, इंजिनाखालचे ठोकळे हे बहुधा लाकडाचे किंवा प्लायवूडचे असून त्यांवर फायबरचा पातळ लेप असतो. पुढे कोणी काठी अडकवायला आकडा मारतो, कोणी गालिचा बसवायला स्क्रू. त्या प्रत्येक भोकातून पाणी लेपाखाली शिरते आणि बाहेर पडायला वाट नसते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल, हवा आणि ऊब लागते. खारे पाणी तिला फारसे मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी फार मानवते. आमच्या या टापूत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वरच्या पन्हळीचे तोंड आंब्याच्या पानांनी बुजलेले, ताडपत्री गाठोड्यासारखी आवळलेली, आत वारा नाही. बुरशीला याहून सुखाचे घर कोणते? उत्तनला पावसाळ्यात होड्या झाकतात, पण दोन्ही टोकांना वारा खेळता ठेवतात. हे आम्ही लहानपणी शंभरदा पाहिले होते. गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकताना ते कोठेतरी मागे राहिले असावे.

जमीन कापून काढली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. त्या जमिनीखाली दुसरी जमीन होती. आधीची फळी कुजलेली. तिच्यावर कोणीतरी नवे प्लायवूड ठोकून वर गालिचा पसरला होता. हे काम कोणाचे, ते विचारावे लागले नाही. प्लायवूडच्या काठावर फोरमनसाहेबांच्या अक्षरात मापे लिहिली होती. वडिलांची प्रत्येक गोष्ट नमुनेदार, अशी दोन्ही मुलांची श्रद्धा. दोघे गप्प झाले. आई ओट्यावरून म्हणाली, "ते २०१२ साल. ह्याच्या लग्नाचा खर्च होता त्या वर्षी. पुढच्या वर्षी नीट करतो म्हणाले होते." आणि ती आत निघून गेली.

चुलत्यांनी अंदाज सांगितला. सगळे खरवडून काढायचे, वाळवायचे, पट्ट्या नव्या घालायच्या. अडीच-तीन महिने आणि रंगरंगोटीच्या सहापट खर्च. थोरल्याने हिशेब केला व तो शांतपणे म्हणाला, "फादर, आपणच म्हणाला होतात तसे करू या. वर नवे प्लाय, नवा गालिचा, पांढरा रंग. अलिबागकडचे एक गिऱ्हाईक यायचे आहे. त्याला पर्यटकांना घेऊन गळ टाकायला जायचे आहे. घेताना तो पाहून घेईलच." ह्यात बेइमानीचा स्वर नव्हता. आमचाच सल्ला, आमच्याच शब्दांत, आम्हांला परत मिळत होता. काय उत्तर द्यावे ते सुचेना. "उद्या बोलू," म्हणून आम्ही निघालो.

त्या रात्री झोप येईना. बोट डोक्यात होती म्हणून आम्ही मार्कचे शुभवर्तमान उघडले आणि वादळाचा प्रसंग पुन्हा वाचला. मत्तय आणि लूक यांनीही तो सांगितला आहे. पण प्रभू होडीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता, हा बारकावा एकट्या मार्कने टिपला आहे. शुभवर्तमानातल्या होडीतले सामान म्हणावे तर ती एक उशी. आजवर प्रवचनात आम्ही वादळाविषयी बोललो, श्रद्धेविषयी बोललो. त्या रात्री प्रथमच मनात आले की त्या उशीखालच्या फळ्या कोणी तरी नीट ठोकल्या होत्या, म्हणून ती होडी त्या लाटांत टिकून राहिली.

आणि मग आठवली ती गालीलच्या सरोवरात सापडलेली होडी. १९८६ सालच्या जानेवारीत, अवर्षणाने पाणी खूप खाली गेले असताना, गिनोसार येथील मोशे आणि युवल लुफान या दोघा कोळी भावांना चिखलात तिच्या कडा दिसल्या. सुमारे आठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. काळ पहिल्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे प्रभूच्या दिवसांच्या जवळचा. गोड्या पाण्याच्या तळ्यात लाकूड दोन हजार वर्षे टिकले कसे? चिखलात हवा नव्हती, म्हणून. ते वाळले असते तर भुगा झाला असता. म्हणून तिला फायबरच्या फासळ्यांचा आधार देऊन फोमच्या वेष्टनात तरंगत किनाऱ्याला नेले आणि पुढे अनेक वर्षे मेणासारख्या द्रव्यात बुडवून ठेवले. त्या होडीत दहा-बारा जातींची लाकडे निघाली. गरीब माणसाने मिळेल तो तुकडा घेऊन तिला पुन्हा पुन्हा डागडुजी केली होती. तिच्यात जोड आहेत, ठिगळे आहेत. परंतु ती बहुधा इतरांना दाखवण्यासाठी नव्हती, तरंगत राहण्यासाठी होती. फोरमनसाहेबांनीही ठिगळच लावले होते. फरक एवढाच की त्यांनी ते ओल्यावर लावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघा भावांना बोटीजवळ बोलावले व म्हणालो, "परवाचा सल्ला आमचा होता आणि तो चुकीचा होता. आम्ही न ठोकता बोललो. जमिनीवर आमचा पाय गेला तर गुडघ्याला चिखल लागला. खंदेरीच्या पलीकडे लाट उसळली असताना इंजिनाचा ठोकळा सुटला तर बोटीत कोणाचा तरी मुलगा असेल. गिऱ्हाईक पाहून घेईल म्हणता; आम्ही कोळ्याच्या पोटी जन्मून पाहू शकलो नाही, तो गालिचाखालचे काय पाहणार? एक तर सगळे उघडून करा, नाही तर आहे तशी, उघडी, भंगाराच्या भावाने विका. मधला मार्ग आम्ही सांगितला होता. तो आम्ही मागे घेतो."

बराच वेळ कोणी बोलेना. मग धाकटा, बोटीकडेच पाहत, म्हणाला, "पन्हळ बुजली आहे हे मला माहीत होते. पहिल्याच पावसात दिसले. पण बाबा गेल्यावर आत चढायचे धाडसच झाले नाही." थोरल्याने त्याच्याकडे पाहिले. आईला मध्ये न घालता तो त्याच्याशी बोलला, तो फक्त इतकेच : "मला फोन करायचा होतास." धाकटा म्हणाला, "तू उचलला असतास?" या प्रश्नाचे उत्तर आले नाही. पण दुपारी दोघे पटाशा घेऊन बोटीत उतरले.

पुढचे काम चुलत्यांच्या देखरेखीखाली चालले. आम्ही सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, हात लावायला जात असू. पहिले तीन आठवडे फक्त काढण्यात गेले. कुजलेले लाकूड पोत्यांनी निघाले. जेथे टोचा रुतत नाही तेथपर्यंत कापायचे आणि त्यापुढे आणखी वीतभर, असा चुलत्यांचा दंडक होता. मग मार्च महिनाभर बोट उघडी ठेवून उन्हात व पंख्याखाली वाळवली. थोरल्याला घाई झाली की चुलते म्हणत, "वल्यावर लेप नको. लेप धरल, पन लाकडाला न्हाय धरनार." एप्रिलमध्ये नव्या पट्ट्या बसल्या. प्लायवूड 'आय.एस. ७१०' या मानकाचे, मरीन म्हणतात ते घेतले. तरी चुलत्यांनी बजावले की मरीनचा डिंक सुटत नाही एवढेच. लाकूड ते लाकूडच, ओल राहिली तर तेही कुजणार. म्हणून प्रत्येक फळीच्या सहाही बाजू, कापलेल्या कडांसह, आधी एपॉक्सीने माखल्या. स्क्रूचे प्रत्येक भोक मोठे पाडून, एपॉक्सीने भरून, सुकल्यावर त्यातच पुन्हा लहान भोक पाडले, जेणेकरून पाणी शिरले तरी ते लाकडाला भेटू नये. आडव्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवली. रेझिनचा उग्र वास नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला मुखवटे, आणि आसपास विडी-काडीला बंदी. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या, स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे, गाद्या पाणी न पिणाऱ्या फोमच्या, आणि त्याही सपाट फळीवर नव्हे, तर सागाच्या पट्ट्यांच्या जाळीवर, खालून वारा फिरावा म्हणून. गालिचा कोणी सुचवला नाही. जमिनीला तीन ठिकाणी झाकणे ठेवली. कोणालाही उघडून तळ पाहता यावा.

मेच्या मध्यावर अलिबागकडचे गृहस्थ आले. सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा. आतून बोट पाहून ते प्रसन्न झाले. तेव्हा थोरल्याने मोबाइलवर सगळी छायाचित्रे दाखवली : काळा चिखल, फुल्या, दोन जमिनी. वडिलांच्या हातच्या मापांचे छायाचित्रही त्याने वगळले नाही. ते गृहस्थ गंभीर झाले. त्यांनी चुलत्यांची हातोडी मागून घेतली आणि स्वतः इकडून तिकडे ठोकत फिरले. शेवटी ठरल्यापेक्षा काही कमी किंमत सांगितली. भावांनी ती घेतली. झालेला खर्च वजा जाता वाटे लहान झाले. नफ्याची कथा म्हणून कोणी ही वाचत असेल तर त्याची निराशा होईल.

बोट निघाली त्या दिवशी नव्या मालकांनी नाळेपुढे नारळ फोडला आणि आईच्या आग्रहावरून आम्ही पवित्र पाणी शिंपडून प्रार्थना केली. दोघे भाऊ मांडव्यापर्यंत एकाच गाडीत गेले. त्यांचे सगळे मिटले असे आम्ही म्हणणार नाही. घराच्या हिशेबाची वही अजून आमच्या टेबलावर येते. पण ती आता दोघे मिळून आणतात, आणि वहीतले आकडे एकमेकांसमोर वाचतात. वाळायला वेळ लागतो, हे आम्ही त्या बोटीत शिकलो आहोत.

चुलते परतताना कर्जत स्टेशनवर आम्ही त्यांना गाडीत बसवून दिले. खिडकीतून ते म्हणाले, "पोरा, तुज्या घराच्या मागल्या खोलीत वल हाय. रातचा वास येतो." खरे आहे. धर्मगुरूनिवासाच्या त्या खोलीला आम्ही दर सणाला, पाहुणे येणार म्हणून, पांढरा रंग देत आलो आहोत. दर पावसाळ्यानंतर तो पापुद्र्यांनी गळतो. यंदा रंगाचा डबा आणलेला नाही. शिडी आणली आहे, आणि पाऊस उघडला की प्रथम कौले पाहणार आहोत.